तीन वर्षांच्या वेली आणि पॅरिसचे पंच

वाईन चाखणाऱ्यांची भाषा हा आपल्याकडे चेष्टेचा विषय आहे. कोणीतरी पेला तिरका धरतो, गरगर फिरवतो, त्यात नाक खुपसतो, घोटभर तोंडात घेऊन खुळखुळवतो आणि मग गंभीर चेहऱ्याने सांगतो, की हिला देवदाराच्या लाकडाचा आणि शिसपेन्सिलला टोक काढताना येतो तसा वास आहे. ऐकणाऱ्याला हसू आवरत नाही. द्राक्षांच्या रसात पेन्सिल कुठून आली? पण अशीच नऊ माणसे २४ मे १९७६ रोजी पॅरिसच्या इंटरकॉन्टिनेंटल हॉटेलात जमली, त्यांनी पेले फिरवले, हुंगले, वीसपैकी गुण दिले आणि वाईनच्या जगातली पिढ्यान्‌पिढ्यांची उतरंड हलली. कॅलिफोर्नियातल्या ज्या लहानशा वाईनरीच्या लाल वाईनने हे घडवले, तिची इमारत उभी राहून तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती.

वाईनरीचे नाव स्टॅग्ज लीप वाईन सेलर्स. मालक वॉरन विनियार्स्की. या पोलिश आडनावाचे मूळच वाईन करणाऱ्या माणसात आहे, आणि शिकागोत राहणारे त्यांचे वडील घरच्या घरी मधापासून आणि फळांपासून वाईन करीत असत. मुलाने मात्र रस्ता धरला होता विद्यापीठाचा. राजकीय तत्त्वज्ञानाचा अभ्यास, मॅकियाव्हेलीसाठी इटलीत वर्षभर मुक्काम, मग शिकागोत अध्यापन. इटलीत रोजच्या जेवणाबरोबर वाईन असते, ती बहुधा त्यांच्या मनात घर करून राहिली असावी. १९६४ साली पस्तिशीतल्या या प्राध्यापकाने बायकामुलांसह चंबूगबाळे आवरले आणि कॅलिफोर्नियातले नापा खोरे गाठले. तिथे एका जुन्या वाईनरीत पडेल ते काम करीत, मालकाच्या हाताखाली ते धंदा शिकले. पुढे १९६६ मध्ये सुरू झालेल्या रॉबर्ट मोंडावी यांच्या वाईनरीत गेले.

आज नापा म्हटले की पर्यटकांची रीघ डोळ्यांसमोर येते. तेव्हाचे नापा निराळे होते. अमेरिकेत १९२० ते १९३३ अशी तेरा वर्षे दारूबंदी होती, तिने तिथल्या वाईनधंद्याचे कंबरडे मोडले. साठच्या दशकात खोऱ्यात आलुबुखार आणि अक्रोड यांच्या बागा भरपूर होत्या. नेथन फे नावाच्या बागाईतदाराने १९६१ मध्ये खोऱ्याच्या पूर्वेकडच्या, त्या काळी या जातीसाठी थंड समजल्या जाणाऱ्या भागात कॅबरने सोव्हिन्यों ही काळी द्राक्षे लावली. त्याने घरी केलेली वाईन विनियार्स्कींनी १९६९ मध्ये चाखली आणि शोध तिथेच थांबवला. शेजारची आलुबुखाराची बाग विकाऊ होती. १९७० मध्ये ती घेतली, झाडे काढली, कॅबरने आणि थोडी मर्लो लावली. १९७३ चा माल उतरला तेव्हा त्या वेली तीन वर्षांच्या होत्या. आपल्या नाशिककडच्या बागाईतदारालाही यातले धाडस कळेल. तिसरे वर्ष म्हणजे वेल नुकती कुठे बरा माल देऊ लागते, आणि उत्तम लाल वाईनसाठी जुनी, खोल मुळांची वेल हवी, हे तर फ्रान्समधले जवळपास धर्मवचनच.

कॅबरने तोंडात कशी लागते, हे सांगताना इंग्रजी पुस्तके ब्लॅककरंटचा दाखला देतात. ते फळ आपण पाहिलेलेही नसते, म्हणून ती वर्णने आपल्याला पोकळ वाटतात. खरे तर या बाबतीत मराठी जीभ मुळीच दरिद्री नाही. लाल वाईन कळण्याची सारी गुरुकिल्ली ‘तुरट’ या शब्दात आहे, आणि तो शब्द आपल्याला जांभळांनी, आवळ्यांनी आणि सुपारीने शिकवलेला आहे. द्राक्षाच्या सालीतले आणि बियांतले टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटते, जिभेचा ओशटपणा जातो, हिरड्या आवळल्यासारख्या होतात. जास्त वेळ मुरलेल्या कोऱ्या चहाचेही तेच. कॅबरनेची द्राक्षे पुरती पिकली नसली, तर वाईनला चक्क ढोबळी मिरचीचा वास येतो. हाही कल्पनाविलास नाही. ढोबळी मिरचीला तो वास देणारे पायराझिन जातीचे द्रव्य याच द्राक्षांतही असते. व्हॅनिलाचा गंध येतो ओकच्या पिंपातून. चांगल्या कॅबरनेत हे सगळे असते, पण कुठलेच एक वर डोके काढीत नाही. विनियार्स्कींचा ध्यास याच तोलाचा होता. त्यांच्या टापूतली वाईन म्हणजे मखमली मोज्यातली पोलादी मूठ, असे तिकडचे जाणकार म्हणतात. गाभ्याला तुरटपणाचा कणा असतो, पण तो बोचत नाही.

पॅरिसची चाचणी भरवली होती स्टीव्हन स्पुरियर या इंग्रज दुकानदाराने. त्याचे पॅरिसमध्ये वाईनचे दुकान आणि वाईनची शाळा होती. अमेरिकन स्वातंत्र्याला दोनशे वर्षे होत होती, त्या निमित्ताने जरा गंमत आणि दुकानाची जाहिरात, एवढाच हेतू. त्याची सहकारी पॅट्रिशिया गॅलघर ही अमेरिकन. पंच मात्र झाडून फ्रेंच आणि एकाहून एक मातबर: नामांकित रेस्तराँचे मालक, रोमाने-कोंती या बुर्गुंडीतल्या अतिप्रतिष्ठित मळ्याचे एक मालक, वाईनच्या मासिकाच्या संपादिका. पत्रकारांना निमंत्रणे गेली होती, आला एकटा ‘टाइम’चा जॉर्ज टेबर. निकाल काय लागणार हे ठाऊक असलेल्या कार्यक्रमाला कोण जातो?

लाल गटात सहा कॅलिफोर्नियाच्या आणि चार बोर्दोच्या वाईन होत्या. बोर्दोकडून मुतों-रोथशिल्ड आणि ओ-ब्रियों यांच्यासारखी घराणी. या घराण्यांची प्रतवारी १८५५ साली, त्या वेळच्या बाजारभावावरून दलालांनी ठरवली. मुतोंला दुसऱ्या वर्गातून पहिल्या वर्गात यायला ११८ वर्षे लागली. ती बढती मिळाली १९७३ मध्ये, म्हणजे विनियार्स्कींची ती द्राक्षे वेलीवर होती त्याच वर्षी! १८५५ मध्ये ज्याचे जे ठरले ते ठरले, अशी ही व्यवस्था. जन्मावरून प्रतिष्ठा ठरण्याचे आपल्याला काही नवल वाटू नये.

बाटल्यांची ओळख झाकलेली होती. कोणत्या क्रमाने काय येणार याची यादी टेबरजवळ होती, त्यामुळे पंचांचे हलक्या आवाजातले शेरे ऐकताना त्याचे कान टवकारले. एका पंचाने पांढऱ्या वाईनचा घोट घेऊन, आता आपण फ्रान्सला परतलो, अशा अर्थाचा सुस्कारा सोडला. पेल्यात नापाची वाईन होती. पांढऱ्यांत कॅलिफोर्नियाची शॅटो माँटेलिना पहिली आली आणि हा निकाल लालच्या आधीच जाहीर झाला. म्हणजे लाल पेले आले तेव्हा पंच सावध होते. तरीही स्टॅग्ज लीपच्या १९७३ च्या कॅबरनेला १८० पैकी १२७.५ गुण पडले आणि १९७० च्या मुतोंला १२६. एका पंच बाईंनी नंतर आपली गुणपत्रिका परत मागितली. स्पुरियरने ती दिली नाही. टेबरची बातमी लहानशी होती, पण तिने अमेरिकेत खळबळ उडवली. फ्रेंच वृत्तपत्रांनी मात्र कित्येक आठवडे तिकडे लक्षच दिले नाही.

दीड गुणाचा फरक म्हणजे काहीच नाही, हे संख्याशास्त्रज्ञांनी पुढे दाखवून दिले, आणि ते बरोबरच आहे. रॉबर्ट हॉजसन या निवृत्त प्राध्यापकाने तर २००५ पासून काही वर्षे कॅलिफोर्नियातल्याच एका मोठ्या स्पर्धेत पंचांना एकाच बाटलीतली वाईन तीनदा दिली. साधारण दहातला एकच पंच आपल्या मतावर ठाम राहिला. तेव्हा पहिला नंबर, दुसरा नंबर यांना फार कवटाळू नये. पॅरिसमध्ये सिद्ध झाले ते वेगळेच. आयुष्यभर फ्रान्सची वाईन पिणाऱ्यांना, चिठ्ठी झाकली तेव्हा, फ्रान्स कोणता हे खात्रीने सांगता आले नाही. देवगडचा हापूस आणि परप्रांतातून आलेला ‘देवगड’ यांच्या फोडी घरात डोळे बांधून खाऊन पाहाव्यात. घरातल्या वडीलधाऱ्यांना पंच नेमले, तर रंगत जास्त.

फ्रेंचांचा एक आक्षेप मात्र वजनदार होता. बोर्दोची वाईन वयाबरोबर खुलते, कॅलिफोर्नियाची आज गोड बोलते आणि उद्या कोसळते, असे ते म्हणत. याला उत्तर द्यायला वीस-तीस वर्षांचा अवधी लागणार होता, आणि तो अवधी सगळ्यांनी दिला, हे मला या कथेतले सर्वांत सुंदर वाटते. १९८६ च्या फेरचाचणीत कॅलिफोर्नियाचीच क्लो दु वाल पहिली आली. २४ मे २००६ रोजी त्याच लाल वाईन लंडन आणि नापा अशा दोन्ही ठिकाणी पुन्हा उघडल्या. पहिली आली रिज ही कॅलिफोर्नियाची, स्टॅग्ज लीप दुसरी, आणि पहिल्या पाचही जागा कॅलिफोर्नियाच्या. मुतों सहावी.

नाशिकशीही या खोऱ्यांचा धागा आहे. स्टॅनफर्डला शिकून कॅलिफोर्नियात नोकरी केलेल्या राजीव सामंत यांनी नाशिकला वाईनरी काढली तेव्हा मार्गदर्शक आणला तो कॅलिफोर्नियाचा, केरी डॅमस्की. २००० साली त्यांची पहिली वाईन बाजारात आली. आता वाईनही मद्यच, आणि मद्याचे कोणतेही प्रमाण प्रकृतीला निर्धोक नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले आहे. तेव्हा ‘औषध’ म्हणून तिची भलावण करण्याचा जमाना गेला.

जाता जाता एक मजा. स्टॅग्ज लीप नावाच्या वाईनरी दोन आहेत, शेजारीशेजारी. फरक इतकाच, की इंग्रजी नावातले अपॉस्ट्रॉफीचे चिन्ह एकीने शेवटच्या अक्षराआधी दिले आहे, दुसरीने नंतर. त्यावरून मालक वर्षानुवर्षे कोर्टात भांडले. अखेर समेट झाला आणि दोघांनी मिळून १९८५ च्या द्राक्षांची एक वाईन काढली. तिचे नाव ‘अकॉर्ड’, म्हणजे समेटच. विनियार्स्कींनी २००७ मध्ये आपली वाईनरी १८.५ कोटी डॉलरना विकली. २०२४ मध्ये, पंचाण्णवाव्या वर्षी ते गेले. १९७३ च्या त्या कॅबरनेची एक बाटली १९९६ पासून वॉशिंग्टनच्या अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पॅरिसला गेली त्या वर्षी तिची किंमत सहा डॉलरच्या थोडी वर होती.