स्वरांची बाराखडी

संगीत ही गुरुमुखातून घेण्याची विद्या आहे, कागदावरून नव्हे, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले. त्यात तथ्य आहेच. परंतु या समजुतीच्या आडोशाने कित्येक चिजा गवयांबरोबर चितेवर गेल्या, हेही तितकेच खरे. गेल्या शतकाच्या आरंभी दोन महाराष्ट्रीय विष्णूंनी हा नाश थांबविण्याचे मनावर घेतले. कुरुंदवाडचे पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी 1901 साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापून वर्गात बसवून गाणे शिकविण्याचा प्रघात पाडला. मुंबईचे पं. विष्णु नारायण भातखंडे हे व्यवसायाने वकील. पारशी मंडळींच्या पुढाकाराने 1870 साली निघालेल्या गायनोत्तेजक मंडळीत त्यांचा संगीताभ्यास वाढला, आणि पुढे घराणेदार उस्तादांच्या मागे लागून त्यांनी शेकडो बंदिशी लिहून काढल्या. वर्गात शिकवायचे तर फळ्यावर काही लिहावे लागते, आणि संग्रह छापायचा तर छापखान्याला कळतील अशा खुणा लागतात. दोघांनीही स्वतःची स्वरलेखनपद्धती रचली, ती याच गरजेतून.

आपण गुजरातेत राहणाऱ्यांनी याबाबत थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही. या दोघांच्याही आधी, 1886 साली, सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांची गायनशाळा बडोद्यात सुरू झाली होती आणि तेथे स्वर लिहून शिकविले जात. 1916 ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषदही बडोद्यासच भरली.

आता मुद्द्याची गोष्ट. सुरतेत उधना-लिंबायतपासून अठव्यापर्यंत विखुरलेल्या आपल्या घरांतून पेटी आहे, तबला आहे, गांधर्व मंडळाच्या परीक्षांना बसणारी मुले आहेत. परंतु ‘नोटेशन’ म्हटले की मुलांच्या, आणि खरे सांगायचे तर पालकांच्याही, कपाळावर आठ्या पडतात. वास्तविक ज्याला देवनागरी वाचता येते त्याचे निम्मे काम झालेलेच असते. पाश्चात्त्यांच्या पाच रेषांत टिंबाच्या जागेवरून स्वर ओळखावा लागतो. आपल्याकडे स्वराचे नावच लिहिलेले असते. उरतात त्या चार-दोन खुणा.

भातखंडे पद्धतीत शुद्ध स्वराला खूण नाही. अक्षराखाली आडवी रेघ असेल तर तो स्वर कोमल. मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ असेल तर तो तीव्र. खाली टिंब म्हणजे मंद्र सप्तक, वर टिंब म्हणजे तार. दोन किंवा अधिक स्वरांखाली चंद्रकोर असेल तर ते सारे एका मात्रेत म्हणावयाचे. तशीच कमान वर असेल तर मींड. स्वरापुढची आडवी रेघ म्हणजे तोच स्वर आणखी एक मात्रा धरून ठेवणे, आणि खालच्या शब्दांच्या ओळीत तेच काम अवग्रह करतो. प्रारंभ भूपापासून करावा असे मी सुचवीन. त्यात मध्यम व निषाद वर्ज्य, बाकीचे पाचही शुद्ध. त्यामुळे सप्तकाचे टिंब सोडले तर डोळ्याला दुसरी अडचण नाही.

नवशिक्याची खरी फसगत होते ती तालात. त्रितालातील मध्यलयीच्या पुष्कळ बंदिशी नवव्या मात्रेवरून, म्हणजे खालीपासून उठतात. साहजिकच ओळीच्या आरंभी शून्य असते आणि समेची फुली ओळीच्या मध्यावर पडते. पहिला रकाना म्हणजे पहिली मात्रा असे धरून मूल टाळी देऊ लागते आणि सारे गणित उलटे होते. म्हणून तोंडाने स्वर काढण्यापूर्वी केवळ हाताने टाळी-खाली देत, पाटी वाचावी तसे ते पान चार वेळा ‘वाचून’ घ्यावे. पेटी तोपर्यंत बंदच बरी.

याहून मोठा घोटाळा दोन पद्धतींच्या सरमिसळीतून होतो. आमच्या परिचयाच्या एका खानदेशी कुटुंबात आजोबांची गाण्याची वही निघाली. शाई फिकट झालेली, कडा कुरतडलेल्या. नात परीक्षांची तयारी करणारी. तिने मोठ्या हौसेने पेटी उघडून यमनची पहिली ओळ वाजवली, तो पहिलाच निषाद थेट तार सप्तकात! तेथून खालच्या ऋषभावर उडी. ‘आजोबा असले काही गात असतील?’ म्हणून घरात हशा झाला आणि वही पुन्हा कपाटात जायच्या बेतात होती.

चूक ना आजोबांची होती, ना नातीची. वही पलुस्कर पद्धतीची होती. तिच्यात वरचे टिंब मंद्राचे असते आणि तार स्वराच्या डोक्यावर उभी रेघ येते. भातखंड्यांच्या नेमके उलट. कोमल स्वराला हलन्तासारखी तिरकी खूण असते. सम एकच्या आकड्याने आणि खाली अधिकच्या चिन्हाने दाखवितात. प्रत्येक स्वराच्या पायाशी मात्रेची खूण असते: आडवी रेघ म्हणजे एक मात्रा, शून्य म्हणजे अर्धी. भातखंडे पद्धतीत शून्य दिसले की खाली समजावयाची सवय झालेल्या मुलीला ओळीभर पसरलेली शून्ये पाहून भोवळ यायचीच. जुनी वही हाती आली तर प्रथम स्वरांच्या पायाकडे पाहावे. तेथे अशा रेघा आणि शून्ये दिसली, तर पलुस्करांच्या रीतीने वाचावे. माझ्या मते पलुस्करांची पद्धती मात्रांच्या हिशेबात अधिक काटेकोर आहे. परंतु लिहावयास भातखंड्यांची सोपी, आणि बहुधा म्हणूनच ती अधिक रुळली.

आमच्या मुलांपुढे आणखी एक अडचण आहे. भातखंड्यांची क्रमिक पुस्तकमालिका मूळ मराठीत लिहिलेली. इकडे वर्गांत चालते ती बहुधा हाथरसची हिंदी आवृत्ती, आणि गुजराती माध्यमाची मुले वहीत गुजरातीतून उतरवून घेतात. त्यात गैर काही नाही. गुजराती अक्षराला शिरोरेखा नाही, त्यामुळे वरची टिंबे उलट अधिक ठळक दिसतात. मात्र त्यामुळे घरातली मराठी वही वाचणारे कोणी उरत नाही.

त्या कुटुंबातील नातीने दिवाळीच्या सुटीत वहीतील अकरा बंदिशी भातखंडे पद्धतीत उतरवून काढल्या. शब्द लागले, स्वर लागले, सम जागेवर आली. लय मात्र वहीत कोठेच नोंदलेली नाही, आणि यमनच्या गंधारावर आजोबा किती रेंगाळत हे कोणत्याच पद्धतीत लिहिता येत नाही. त्यांचे गाणे प्रत्यक्ष ऐकलेल्या एकच आत्याबाई हयात आहेत, जळगावला. वय ऐंशीच्या पुढे, कान शाबूत. उन्हाळ्यापर्यंत न थांबता येत्या शनिवारीच ताप्ती लाइनच्या गाडीने वही घेऊन जावे, असे घरात ठरले आहे.