एका गोलासाठी जागरण

रात्री साडेआठला सुरू झालेला सामना पहाटे २ वाजून २५ मिनिटांनी संपला, तोही अवघ्या एका गोलाने! २४ मार्च १९३६ रोजी कॅनडातील माँट्रियल शहरी डेट्रॉइट रेड विंग्ज आणि माँट्रियल मरून्स हे आइस हॉकीचे संघ बाद फेरीत भिडले. या फेरीत बरोबरी चालत नाही. गोल होईपर्यंत २०-२० मिनिटांची जादा सत्रे खेळावीच लागतात.

या खेळात चेंडू नसतो. कडक रबराची चकती असते. रबर उसळू नये म्हणून हल्ली ती सामन्याआधी गोठवतात. ताशी १५० किलोमीटर वेगाने मारलेली चकती १८ मीटर अंतर ०.४३ सेकंदात कापते. त्यातले सुमारे ०.२ सेकंद गोलरक्षकाला नुसते हालचाल सुरू करायलाच लागतात!

शिवाय स्केटच्या पात्यांनी बर्फ खरवडतो, त्याचा चुरा साचून चकती मंदावते. तो साफ करणारे झांबोनी यंत्र आले १९४९ साली. मग गोल व्हावा कसा?

अखेर सहाव्या जादा सत्रात डेट्रॉइटच्या मड ब्रुनेटोने तो केला. खेळ झाला होता १७६ मिनिटे ३० सेकंद. बिचारे मरून्सचे चाहते! एवढे जागले, ते हार पाहण्यासाठी.