चंदन जाड झालं म्हणजे पैसे झाले का? भाव झाडाला नाही, गाभ्याला मिळतो

बांधावरचं चंदन दहा-बारा वर्षांचं झालं, बुंधा मांडीएवढा दिसू लागला, की घरात हिशेब सुरू होतात. त्यात व्हॉट्सअॅपवर ‘चंदन लावा, करोडपती व्हा’ असे मेसेज फिरत असतातच. मग कुणीतरी व्यापारी येतो, झाड बघतो आणि उक्ता सौदा ठरवतो. इथेच अनेकांची गफलत होते.

चंदनाचं खोड आडवं कापलं की दोन भाग स्पष्ट दिसतात. सालीखालचं लाकूड पांढरट असतं, त्याला वास जवळपास नसतोच. आतला पिवळसर ते तपकिरी भाग म्हणजे गाभा. सुगंधी तेल असतं ते यातच. देवघरात सहाणेवर उगाळतात ते खोड या गाभ्याचंच. मुळांमधल्या गाभ्यात तेल आणखी जास्त असतं, म्हणून तयार झाड जमिनीलगत कापत नाहीत, मुळासकट खणून काढतात.

गाभा भरायला वेळ लागतो. साधारण दहा वर्षांनंतर तो दिसू लागतो, चांगला भरायला वीस-तीस वर्षंही जातात. एकाच दिवशी लावलेल्या दोन झाडांतही फरक पडतो. पाणी-खत भरपूर दिलं तर बुंधा लवकर जाड होईल, पण गाभा त्याच वेगानं भरेल असं नाही.

कारागिरांना चंदन आवडतं ते नुसत्या वासामुळे नाही. लाकूड जड, घट्ट आणि अतिशय बारीक रेषांचं असल्यामुळे पटाशीनं केसाएवढी नक्षी काढली तरी कडा तुटत नाही. कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्यातल्या सागर आणि सोरब भागातले गुडिगार कारागीर मूर्ती, पेट्या, पंखे कोरतात ते यावरच. लाकूड सावलीत हळूहळू वाळवावं लागतं, घाई केली तर चिरा पडतात. घासल्यावर तेलामुळे आपोआप चकाकी येते. वर व्हार्निश मारलं तर सुगंधच बंद होतो! गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. पांढऱ्या भागाला मात्र लागते. लाकूड इतकं महाग की टेबल-खुर्ची कुणी करत नाही. कोरताना पडलेला भुसासुद्धा अगरबत्तीसाठी विकला जातो.

बाजारात साध्या लाकडाला अत्तर चोळून ‘चंदनाची माळ’ म्हणून खपवतात. मणी थोडा खरवडून बघावा. वास आतूनही आला तर ठीक, वरवरचाच असेल तर लबाडी. आणि ‘पुष्पा’ सिनेमातलं रक्तचंदन हे वेगळंच झाड आहे. ते लाल, जड असतं, पण त्याला चंदनाचा सुगंध नसतो.

स्वतःच्या शेतातलं असलं तरी महाराष्ट्रात चंदन परवानगीशिवाय तोडता येत नाही. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत ते आहे. वाहतुकीचा पासही लागतो. म्हणून झाडांची नोंद सात-बाऱ्यावर आधीच करून घ्यावी. सौदा उभ्या झाडाचा न करता, परवानगीनं काढल्यावर गाभा वेगळा करून वजनावर करावा.

बुंध्याला गिरमिटानं पाडलेलं ताजं भोक दिसलं तर दुर्लक्ष करू नये. गाभा भरलाय का, हे चोर असंच बघून जातात आणि नंतर करवत घेऊन येतात. त्याच दिवशी वनविभागाला आणि पोलीस पाटलांना कळवावं.