हात परत येईल काय ?

अर्धांगवायूच्या झटक्यानें आडव्या झालेल्या माणसाच्या उशाशीं बसलेले आप्त पहिले दोन दिवस जीव वांचेल ना, एवढेंच विचारतात. धोका टळला कीं दुसरा प्रश्न येतो : "डॉक्टर, हात परत येईल काय ?" शिंप्याच्या किंवा शेतमजुराच्या घरीं हा प्रश्न पोटाचा असतो. त्याला "पाहूं या" असें उत्तर मिळत आलें आहे. तें खोटें नव्हे. पण त्याहून अधिक कांहीं सांगतां येईल काय?

मेंदूच्या पृष्ठभागापासून निघालेला तंतूंचा एक जुडगा गाभ्यांतील अरुंद वाटेनें खालीं उतरतो, मानेच्या वर बाजू बदलतो आणि पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूंतून हाताला आज्ञा पोंचवितो. रक्तवाहिनी तुंबून अथवा फुटून या जुडग्याला इजा झाली कीं हात लुळा पडतो. खांद्याला आज्ञा नेणाऱ्या दुसऱ्याहि कांहीं आडवाटा आहेत. बोटें उघडण्याचें नाजुक काम मात्र मुख्यतः याच राजमार्गावर अवलंबून असतें. म्हणून बोट किंचित् जरी सरळ झालें, तरी वाट सर्वस्वीं बंद नाहीं असें समजावें.

हॉलंडमधील संशोधकांनीं १८८ रुग्णांचा अभ्यास करून २०१० सालीं याचा हिशेब मांडला. पहिल्या तीन दिवसांत ज्याला दंड थोडा बाजूला उचलतां येतो व बोटें थोडीं उघडतां येतात, त्याच्या हाताला सहा महिन्यांनीं कांहीं ना कांहीं कौशल्य येण्याचा संभव शंभरांत ९८. ज्याला यांतलें कांहींच जमत नाहीं, त्याचा २५. हा दुसरा आंकडा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. अशा सर्वांना "आतां आशा नाहीं" असें सांगणारा वैद्य चौघांपैकीं एकाच्या बाबतींत चुकेल, आणि तो एक कदाचित् व्यायामच सोडून देईल.

याआधीं, २००८ सालीं, न्यूयॉर्कमधून एक मोहक नियम पुढें आला होता. हाताची शक्ति ६६ गुणांच्या मापानें मोजतात. रुग्णाला आरंभीं जितके गुण कमी पडतात, त्यांपैकीं सुमारें सत्तर टक्के तीन महिन्यांत भरून निघतात, असा तो नियम. म्हणजे ३६ गुणांचा रुग्ण ५७ वर येणार ! मात्र अत्यंत गंभीर आघाताच्या पुष्कळ रुग्णांना तो लागू पडत नसे. आणि नेमके त्यांचेच आप्त सर्वांत व्याकुळ असतात.

२०१९ सालीं लंडनमधील संशोधकांनीं या नियमांतील गणिताची मेख दाखविली. समजा, एका वर्गांतील सर्व मुलांना वार्षिक परीक्षेंत साठच गुण पडले. सहामाहींत दहा मिळविणारा पन्नासनें वाढला, चाळीस मिळविणारा वीसनें. उणीव व वाढ यांचा मेळ अगदीं तंतोतंत ! पण एखाद्याला साठ पडतील कीं पंचावन्न, याविषयीं सहामाहीच्या गुणांनीं आपल्याला नवें कांहींच सांगितलें नाहीं. वाढ काढतांना आरंभींचेच गुण वजा केलेले असतात, म्हणून तो मेळ दिसतो. या आक्षेपानें नियम सर्वस्वीं खोटा ठरला असें नाहीं. पण एका माणसाचें भविष्य त्यावरून सांगण्याचा हुरूप ओसरला.

न्यूझीलंडमधील ऑकलंड येथील पद्धति अधिक सावध आहे. खांदा व बोटें यांना प्रत्येकीं पांचांपैकीं गुण द्यावयाचे. बेरीज पांच किंवा अधिक भरली, तर वय पाहून बहुधा चांगलें भाकीत करावयाचें. कमी भरली, तर डोक्यावर चुंबकीय स्पंद देऊन मनगटाचा स्नायु प्रतिसाद देतो काय, हें तपासावयाचें. २०१७ च्या अहवालानुसार हें भाकीत चौघांपैकीं सुमारें तिघांच्या बाबतींत बरोबर ठरलें. चौथा कोण, हें मात्र आधीं ओळखतां येत नाहीं.

तें यंत्र तालुक्याच्या गांवीं कोठून असणार ! पण "बोटें उघडून दाखवा" असें म्हणावयास यंत्र लागत नाहीं. तिसऱ्या दिवशीं तें जमलें नाहीं, तर नवव्या दिवशीं पुन्हां पाहावें. तेव्हांहि कांहीं हालचाल नसली, तर हॉलंडच्या हिशेबानें संभव शंभरांत १४ उरतो. अशा वेळीं घरच्यांना हा आंकडा आहे तसा सांगावा, चांगल्या हातानें जेवण्याची व कपडे घालण्याची संवय सुरू करावी, आणि लुळ्या हाताचा व्यायामहि चालूच ठेवावा.