पाकिटावर ‘सुशी ग्रेड’ लिहिलंय, मग सॅल्मन कच्चा खायचा का?

आजचा भाग कच्च्या माशावर आहे. नाक मुरडू नका, ऐका. घरी सुशी करायची म्हणून ॲपवर सॅल्मन मागवणाऱ्या सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: पाकिटावर ‘सुशी ग्रेड’ लिहिलंय, म्हणजे कच्चा चालेल ना?

सरळ सांगते. हा सरकारी शिक्का नाही. अमेरिकेतही कायद्यात या शब्दांची व्याख्या नाही. विकणारा आपल्या हिशेबाने ते लिहितो. म्हणून शब्द सोडा, मासा आला कुठून आणि राहिला कसा, ते विचारा.

भीती दोन गोष्टींची. पहिली, अनिसाकिस नावाचा कृमी. समुद्रातले छोटे जीव खाताना तो माशात शिरतो आणि कच्च्या माशातून आपल्या पोटात. मग जोरदार पोटदुखी, उलट्या. याच कृमींमुळे जपानी लोक त्यांच्याकडचा पॅसिफिक सॅल्मन कच्चा खात नसत. १९८०च्या दशकात नॉर्वेने आपला फार्मचा अटलांटिक सॅल्मन तिथे नेला आणि पुढे सॅल्मन सुशी रुळली. फार्मच्या माशाला तयार दाणेदार खाद्य मिळतं, त्यामुळे कृमीची शक्यता फारच कमी.

समुद्रात पकडलेला सॅल्मन मात्र आधी गोठवावाच लागतो. अमेरिकी नियमांनुसार उणे २० अंश सेल्सिअसला ७ दिवस, किंवा कडक गोठवून उणे ३५ला १५ तास. आपला घरचा फ्रीजर साधारण उणे १८चा, त्यात दिवसातून दहादा दार उघडतं. त्याच्या भरवशावर कृमी मारायला जाऊ नका.

दुसरी भीती जिवाणूंची. मासा फार्मचा असला तरी ही राहतेच. गोठवल्याने जिवाणू मरत नाहीत, नुसते थांबतात. लिस्टेरिया तर फ्रीजच्या थंडीतही हळूहळू वाढतो. म्हणून मासा घरी आल्यावरची जबाबदारी आपली.

घेताना तीन प्रश्न विचारा. फार्मचा आहे का, कुठल्या देशाचा? कच्चा खाण्यासाठी म्हणूनच विकताय का? आधी गोठवून मग सोडवलेला आहे का? उत्तर गोलगोल आलं तर तो मासा तव्यावर टाका. गोठवलेल्या पाकिटात आत बर्फाचे खडे साचले असतील तर वाटेत कधीतरी मासा वितळला असावा, तो नको. आणि हो, आपल्याकडे रावसाला ‘इंडियन सॅल्मन’ म्हणतात, पण तो सॅल्मनच्या कुळातला नाही. नाव बघून तो कच्चा खाऊ नका. रावस तळलेलाच भारी लागतो!

आता ठेवायचं कसं? ताजा, न गोठवलेला तुकडा खरेदीत सगळ्यात शेवटी घ्या आणि बर्फासोबत घरी आणा. फ्रीजमध्ये दारात नको. मागच्या बाजूला, जिथे ४ अंशांच्या खाली थंडी असते तिथे, बर्फाच्या ताटलीवर झाकून ठेवा. कच्चा खायचा तर त्याच दिवशी खा. दुसऱ्या दिवशी उरला तर शिजवा.

गोठवलेला असेल तर रात्रभर फ्रीजमध्येच सुटू द्या, ओट्यावर नको. हवा काढून बंद केलेलं पाकीट असेल तर ते आधी फोडा. कारण हवा नसलेल्या जागी बॉट्युलिझमचा जिवाणू वाढू शकतो, त्याची एक जात तर फ्रीजच्या थंडीतही. एकदा सुटलेला मासा परत गोठवू नका. सुरी आणि पाट घासून, धुऊन, कोरडे करूनच वापरा.

घरात कुणी गरोदर असेल, लहान मुलं, आजी-आजोबा किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी असेल, तर त्यांच्यासाठी मासा फार्मचा असो की कुठलाही, नीट शिजवलेलाच द्या. त्यांना लिस्टेरिया फार महागात पडतो. त्यांच्या रोलमध्ये काकडी आणि शिजवलेली कोळंबी घाला, तीही सुशीच!

तर ऑर्डर टाकण्याआधी दुकानदाराला ते तीन प्रश्न नक्की पाठवा. काय उत्तर आलं ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात!