बिनरिळाचा गळ

फ्लाय फिशिंग म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? गुडघाभर पाण्यात उभा असलेला कुणी गोरा साहेब, खिसेच खिसे असलेलं जाकीट, महागडा रॉड, त्याला चकचकीत रीळ आणि हवेत नागमोडी लहरणारी लांबच लांब दोरी. सिनेमात हे भन्नाट दिसतं. प्रत्यक्षात ती दोरी नवख्या माणसाच्या मागच्या झाडात अडकते, नाहीतर त्याच्याच टोपीत. शिवाय हौसेपेक्षा सामान जास्त. म्हणूनच तेनकाराबद्दल पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कान टवकारले.

तेनकारा म्हणजे जपानच्या डोंगरी ओढ्यांवरची मासेमारी. एक लांब काठी, तिच्या शेंड्याला बांधलेली साधारण काठीएवढीच दोरी, पुढे केसासारखा बारीक धागा आणि धाग्याला पिसं-दोऱ्याची खोटी माशी. संपलं! रीळ नाहीच. पूर्वी काठी बांबूची असे, आता कार्बन फायबरची असते. बारा फुटांची काठी एकात एक सरकवली की दोन फुटांच्या आत येते. माझी तर लॅपटॉपच्या सॅकमध्ये छत्रीच्या जागी बसते.

आणि ही काही श्रीमंतांची करमणूक नव्हती बरं का. डोंगरातल्या गावांमधले लोक इवाना, यामामे असे थंड पाण्यातले मासे पकडून गरम झऱ्यांजवळच्या सरायांना विकायचे. पोटासाठी मासे धरायचे तर पद्धत झटपट आणि स्वस्तच हवी. अर्नेस्ट सॅटो या ब्रिटिश मुत्सद्द्याने १८७८ मध्ये अशा मासेमारीची नोंद डायरीत केली होती. पण बाहेरच्या जगाला तिची खरी ओळख झाली ती २००९ मध्ये, डॅनियल गल्हार्डो या तरुणाने अमेरिकेत ‘तेनकारा यूएसए’ ही कंपनी काढली तेव्हा. त्याचे गुरू डॉ. हिसाओ इशिगाकी. या गृहस्थांची ख्याती अशी, की ते एकाच प्रकारची माशी वापरतात. बाकीचे फ्लायवाले डब्यात शंभर नमुने घेऊन फिरतात, आज कुठली लावू म्हणून अर्धा तास घालवतात. इशिगाकींचं म्हणणं सरळ आहे: माशी बदलण्यापेक्षा हात सुधारा. मला हे फारच पटलं. आमच्या प्रोजेक्टमध्ये दर सहा महिन्यांनी नवीन सॉफ्टवेअर येतं, त्या पार्श्वभूमीवर तर जास्तच.

मी मूळचा जळगाव जामोदचा. पुण्यात हे सांगितलं की पुढचं वाक्य ठरलेलं, ‘‘मग येताना केळी आण की!’’ अहो, ते खानदेशातलं जळगाव. आमचं बुलढाणा जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथे ट्राउट मिळणं शक्यच नाही. या माशाला थंड, खळाळतं पाणी लागतं. पाणी २० अंशांच्या पुढे तापलं की त्याचा जीव घाबरा होतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४ ला टेकतो आणि डोंगरातून उतरणारे नाले त्याच्या कितीतरी आधी कोरडे पडतात. तेव्हा ट्राउटसाठी हिमालय गाठणं आलं.

एप्रिलमध्ये सुट्टी टाकून हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यात गेलो. दिल्लीहून मनालीच्या रात्रीच्या बसने औटला उतरायचं आणि बंजारमार्गे गुशैणी गाठायची. मत्स्य विभागाचा परवाना घ्यावा लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटच्या विणीचा काळ, त्यामुळे तेव्हा गळ टाकायला बंदी, मार्चपासून मोकळीक.

तसा ट्राउट तिथलाही नाही. साहेबाने विलायतेहून अंडी आणून १९०० च्या सुमारास ती काश्मीरमध्ये जगवली, आणि १९०९ मध्ये हॉवेल नावाच्या अधिकाऱ्याने हा मासा कुलूत नेला. पण या पाहुण्याने यजमानाचं भलं केलं असं म्हणावं लागेल. तीर्थनवर जलविद्युत प्रकल्प येऊ घातले तेव्हा बंजारचे माजी आमदार दिलाराम शबाब यांनी लढा दिला, आणि नदी मोकळी राहिली. त्या लढ्यात ट्राउटचं पाणी हाही एक मुद्दा होता. आज त्या खोऱ्यातल्या कित्येक घरांमध्ये होमस्टे आहे, आणि पाहुणे नदीसाठीच येतात.

आमचे गाईड साठीचे, सगळे त्यांना भाईजी म्हणत. रीळवाल्या रॉडवर मुरलेले, पण तेनकाराचीही सवय करून घेतलेली. पहिला दिवस त्यांनी मला पाण्याजवळ फिरकू दिलं नाही. गवतावर एक पान ठेवलं आणि त्यावर माशी टेकवायला सांगितली. तर्जनी काठीवर सरळ ठेवायची. काठी मागे न्यायची ती घड्याळाच्या काट्याप्रमाणे बारापर्यंत, तिथे कचकन थांबवायची, दोरीला मागे उलगडायला क्षणभर द्यायचा आणि दहावर आणायची. ताकद लावायचीच नाही. जोर लावला की दोरी पुढे जाऊन गोळा होते. ‘‘दरवाजा खटखटाना है, तोडना नहीं,’’ भाईजी म्हणाले. दुपारपर्यंत दंड नव्हे, मनगट भरून आलं.

खरी गंमत पाण्यावर. डोंगरी नदीत एकाच जागी चार प्रवाह असतात. दगडाच्या पुढे पाणी धावतं, मागे थबकतं, कडेला उलटं फिरतं. ट्राउट त्या थबकलेल्या पाण्यात तोंड वर करून उभा असतो आणि धावत्या पाण्यातून येणारं खाणं टिपतो. नेहमीच्या फ्लाय फिशिंगमध्ये जड दोरी मधल्या धारेवर पडते, धार तिला ओढते, तिच्यामागे माशी फरफटते आणि मासा समजून जातो की काहीतरी गडबड आहे. तेनकारात काठी उंच धरली की जवळजवळ सगळी दोरी हवेत राहते, पाण्याला टेकते फक्त माशी. तिची पिसं उलटी, म्हणजे पुढच्या बाजूला झुकलेली बांधतात. काठीला हलकासा झटका दिला की ती मिटतात आणि उघडतात, जिवंत किड्यासारखी. दोरी मर्यादित असल्यामुळे माशाच्या जवळ जावं लागतं, तेही खालच्या अंगाने, वाकून, सावली पाण्यावर न पाडता. दिवसभर माणूस मांजरासारखा चालतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोरी ताठ झाली. रीळ नसल्यामुळे सोडायला दोरी नसते. काठी वाकते, माशाचे हिसके थेट तळव्यात कळतात, आणि शेवटी दोरी हाताने ओढून घ्यावी लागते. वीतभर ब्राउन ट्राउट होता, अंगावर लाल ठिपके, भोवती फिकट कडी. हात ओला करून धरला, बिनकाट्याचा गळ होता म्हणून लगेच सुटला, आणि गेला.

परत आल्यावर ऑफिसमध्ये प्रत्येकाचा एकच प्रश्न: महाराष्ट्रात याचा काय उपयोग? आपला गडी महासीर. पुणेकरांना सांगायला हवं, की दख्खनच्या महासीरचं ‘खुद्री’ हे शास्त्रीय नाव कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये दिलं ते आपल्या मुळा-मुठेतल्या माशावरून! आज त्या पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावणाऱ्यांना हे खरं वाटणार नाही. लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून या माशाची पैदास होते आणि पिल्लं देशभर गेली. अगदी कावेरीतही, जिथे तिथल्या मूळच्या कुबडवाल्या महासीरची पीछेहाट झाली. अभ्यासक या दोन गोष्टींचा संबंध जोडतात. प्रत्येक पाहुणा तीर्थनच्या ट्राउटसारखा निघत नाही.

दिवाळीत काठी गावी नेली. पूर्णेच्या काठी मामाचं गाव. तिथले भोई तात्या सत्तरीचे, आयुष्यभर बांबूची काठी, मोरपिसाच्या दांडीचा तरंगा आणि कणकेची गोळी. त्यांनी माझी काठी उलगडली, वजन पाहिलं, शेंडा हलवला.

‘‘रीळ कुठी हाय?’’

‘‘नसतंच, तात्या.’’

‘‘मंग हा त आपलाच गळ हाय न बे! कितीले भेटला?’’

मी किंमत निम्मी करून सांगितली. तरी म्हणाले, ‘‘एवढ्यात एक बकरी आली असती बाप्पा.’’

माशी बघून तर ते हसतच सुटले. ‘‘माशाले फसवायचं त खाऊ घालून फसव. पिसं काय दाखोतं?’’ पण काठी हातात घेतली आणि दोरी अशी टाकली, की भाईजींनी पाहायला हवी होती. मनगटाचा एक हिसका, माशी बरोब्बर धारेच्या कडेला. तिसऱ्या फेकीला बोटाएवढा चंदेरी मासा लागला. तात्यांनी तो पिशवीत टाकला. सोडून देण्याचा विषय मी काढलाच नाही.

हे गाव जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात आहे. नांदुरा तालुक्यात पूर्णेवर हे मोठं धरण होतंय, आणि माझा त्याला विरोध नाही. खारपाणपट्ट्यात वाढलेल्या माणसाला गोड्या पाण्याची किंमत सांगावी लागत नाही. विहिरीचं पाणी पिऊन मूत्रपिंडं गेलेली माणसं आमच्या भागात घरोघरी माहीत आहेत. पण वाहती नदी थांबून जलाशय झाला की मासेमारीचा ठेका निघतो, तो बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेला मिळतो, आणि सभासद नसलेल्या एकट्या गळवाल्याला तिथे जागा राहीलच असं नाही. तात्यांना हे सगळं माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. सभासद व्हायचं तर कुठली कागदं लागतात, हे त्यांनी मला तालुक्याला विचारून यायला सांगितलं. यादी आणून दिली. त्यातला एक दाखला अजून मिळायचाय.

निघताना काठी मागितली तर म्हणाले, ‘‘तुह्या त्या मासोळीचा सीझन मार्चले हाय म्हणे. तोवर राहू दे माह्याजवळ.’’