बाळंतपणाची सोबत (भाग ६) : दिवस भरण्याआधी

मागच्या आठवड्यात आपण 'बर्थ प्लॅन' पाहिला. कळा सुरू झाल्यावर कुठल्या कुशीवर वळायचं, शेकायची पिशवी कधी घ्यायची, बाळ छातीवर कधी ठेवायचं वगैरे. तिसाव्या आठवड्यात पाणी गेलं, की हा कागद पहिल्या तासातच निकालात निघतो. मग डूलाचं, म्हणजे बाळंतपणात आईला धीर द्यायला थांबणाऱ्या सोबतिणीचं, तिथे काम काय, असा प्रश्न पडणं रास्त आहे. माझ्या मते दिवस भरलेल्या बाळंतपणापेक्षा अशा वेळी तिची गरज जास्त असते. फक्त तिचं काम लेबर रूमच्या बाहेर सरकतं, आणि काही तासांत संपण्याऐवजी काही आठवडे चालतं.

३७ आठवडे पुरे व्हायच्या आत जन्मलेलं बाळ म्हणजे मुदतपूर्व. भारतात अशी सुमारे ३० लाख बाळं वर्षाला जन्मतात, जगात सर्वाधिक. त्यातली बरीचशी चौतीस-पस्तीस आठवड्यांची असतात आणि थोड्या काळजीत निभावून जातात. खरी कसोटी असते ती बत्तीस आठवड्यांच्या आतल्यांची.

आधी प्रश्न येतो जागेचा. ज्या प्रसूतिगृहात नाव घातलंय तिथे नवजात अतिदक्षता विभाग (एनआयसीयू) नसेल, तर बाळंत होऊन मग बाळ अॅम्ब्युलन्समधून हलवायचं, की पोटात असतानाच आईला हलवायचं? वेळ हातात असेल तर डॉक्टर दुसऱ्या पर्यायाकडे झुकतात, कारण आईच्या पोटाइतकी सुरक्षित गाडी अजून कुणी बनवलेली नाही. निर्णय डॉक्टरांचा. पण 'इथे एनआयसीयू आहे का, नसेल तर आत्ताच निघता येईल का?' हे विचारायचं भान घाबरलेल्या घराला राहत नाही. डूला ते विचारायला लावते.

मग येतं ते वाट पाहणं, आणि नातेवाइकांना हेच सर्वांत जड जातं. 'पाणी गेलंय, मग सोडवत का नाहीत?' अशी कुजबुज बाकावर सुरू होते. डॉक्टर हातावर हात ठेवून बसलेले नसतात. आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं चालू असतात. आपल्याकडे डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, दर बारा तासांनी, एकूण चार. ती बाळाच्या फुप्फुसांसाठी असतात. याचा शोध असा लागला : न्यूझीलंडमध्ये लिगिन्स नावाचे संशोधक मेंढ्यांच्या कळांवर संशोधन करत होते. स्टेरॉइड दिलेली कोकरं खूप लवकर जन्मूनही श्वास घेताहेत, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी आणि त्यांचे सहकारी हाउई यांनी १९७२मध्ये माणसांवरचे निष्कर्ष मांडले. डूलाने नुसतं 'डॉक्टर बघताहेत' म्हटल्याने सासूबाईंचा जीव थाऱ्यावर येत नाही. 'पुढचे दोन दिवस मिळाले तर फुप्फुसं तयार होतील' म्हटलं की येतो. एरवी 'सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही' हेही कुणीतरी ऐकवतंच. आठव्या महिन्यात ओज (जीवनशक्ती) स्थिर नसतं, हा विचार सुश्रुतसंहितेइतका जुना आहे. पण पोटात नीट राहिलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या पथ्यावरच पडतो. डूलाने असं म्हणणाऱ्या आजीशी वाद घालू नये. डॉक्टरांकडून तिच्यासाठी पाच मिनिटं मागून घ्यावीत.

प्रत्यक्ष जन्म बहुधा झटपट होतो. बाळ रडलं की नाही कळायच्या आत बालरोगतज्ज्ञ त्याला घेऊन जातात. अशा वेळी बाबाने बाळामागे जावं आणि डूलाने आईजवळ थांबावं, ही वाटणी आधीच ठरलेली बरी. नाहीतर आई टेबलावर एकटी, आणि तिच्यासमोर छत. सरकारी रुग्णालयांत २०१६पासून प्रसूतीच्या वेळी सोबतीला बाई ठेवायला केंद्राची मुभा आहे, पण एकीलाच. त्यामुळे तिथे बहुतेकदा आत्या, मावशी किंवा बाळंतिणीची आईच डूलाचं काम करते. ही लेखमाला अर्धी त्यांच्यासाठीच आहे.

दुसऱ्या दिवसापासूनचं काम कुणाला दिसत नाही, म्हणून त्यावर जरा थांबतो. सिझरची बाळंतीण वरच्या मजल्यावर, कधी तर दुसऱ्याच हॉस्पिटलात. बाळ पेटीत. अंगावर कुणी ओढायला नसलं तर दूध उतरणार कसं? पहिल्या काही तासांतच हाताने पिळून चीक काढायला सुरुवात करावी लागते, आणि मग दिवसरात्र मिळून आठेक वेळा, रात्रीसुद्धा. पहिल्यांदा निघतात ते थेंब. 'एवढंच?' म्हणून आई रडते, आणि कुणीतरी पावडरच्या डब्याचं नाव काढतं. सिरिंजमध्ये गोळा केलेला तो अर्धा मिलिलिटरही बाळाच्या तोंडात फिरवायला उपयोगी असतो, हे डूलाने सांगायचं. वेळा लिहायच्या, भांडी उकळायची, बाबाच्या हाती दूध धाडायचं. आईचं पुरत नसेल तर दूधपेढीची चौकशी करायची. आशियातली पहिली दूधपेढी १९८९मध्ये मुंबईत, शीवच्या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली.

घरच्यांचा प्रश्न वेगळाच. पेढे वाटायचे का? पाचवी पुजायची का, बाळ तर काचेआड? फोन करणारा प्रत्येक जण 'काय खाल्लं होतं? जिने चढली होती का?' विचारतो. बऱ्याचदा कारण सापडत नाही, आणि पपईत तर ते नक्कीच नसतं. फोन घ्यायला घरातला एकच माणूस नेमावा, हा मला माहीत असलेला सर्वांत उपयोगी सल्ला. पाचवी कशी पुजायची ते घराने ठरवावं, डूलाचं त्यात मत नको. डॉक्टरांच्या राउंडआधी तिने घरचे प्रश्न वहीत लिहून द्यावेत. उत्तरं मात्र तिने देऊ नयेत. मॉनिटरवरचे आकडे वाचून दाखवणारी डूला मला धोक्याची वाटते. पहिल्या आठवड्यात वजन उतरणारच, ते डॉक्टरांच्या तोंडून घरच्यांनी ऐकलेलं बरं.

आता कांगारू पद्धत, म्हणजे बाळाला थेट छातीशी धरून ठेवणं. १९७८-७९च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटाच्या एका सरकारी प्रसूतिगृहात पेट्या कमी पडत होत्या. एदगार रेय आणि एक्तोर मार्तिनेस या डॉक्टरांनी बाळं आयांच्या छातीला बांधायला सुरुवात केली. बरीच वर्षं हे गरिबांचं कामचलाऊ तंत्र मानलं गेलं, आणि बाळ 'स्थिर' झाल्यावरच करायचं असा दंडक होता. तो मोडला भारतासह पाच देशांतल्या अभ्यासाने. आपल्याकडे तो दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात झाला. पाचही देशांतल्या मिळून १ ते १.८ किलोच्या ३२११ बाळांपैकी ज्यांना जन्मल्याबरोबर छातीशी धरलं, त्यांच्यात २८ दिवसांत १२ टक्के दगावली. स्थिर होण्याची वाट पाहिलेल्यांत १५.७ टक्के. निष्कर्ष २०२१मध्ये आले, आणि पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने सल्ला बदलला. जन्मल्याबरोबर छातीशी धरायचं तर आईची खाट एनआयसीयूच्या आत लागते, आणि ती बहुतेक ठिकाणी अजून नाही. आईला ताप असेल, टाके दुखत असतील, तर बाबा, मावशी, आजी कुणीही बाळ धरू शकतं. विभागाच्या वेळा विचारून छातीवर कोण कधी बसणार याचं वेळापत्रक लावणं, हे मी डूलाच्या कामात सर्वांत वर ठेवीन. बाबांना शर्टाची बटणं काढून बसायला लाज वाटते. सिस्टरने एकदा दटावलं की जाते.

घरी सोडताना कागदांचा गठ्ठा मिळतो, त्यात एक तारीख हरवते. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा महिन्याभरात तपासावा लागतो, अगदी लहान असेल तर विसाव्या दिवसापासूनच. पडद्यातला दोष वेळेत कळला तर लेसरने नजर वाचते, उशिरा कळला तर बहुधा नाही. सुट्टी त्या तारखेच्या आधी मिळाली तर 'डोळे छान उघडतोय' म्हणून घरचे पुढे ढकलतात. डूलाने ती तारीख तिघांच्या मोबाइलमध्ये टाकावी, आणि आदल्या संध्याकाळी स्वतः फोन करावा.

(पुढील भागात : जुळ्यांचं बाळंतपण)